चिंचोटीतले मूलकण

चिंचोटीला जाऊन मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या पाया पडलो, असे आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या लिहिले जात आहे. हे खोटे आहे. माझा धाकटा भाऊ दत्तू सांगत सुटला आहे की दादा उकडहंडी खायला गेला होता आणि विज्ञान हे निमित्त होते. हेही खोटे आहे. उकडहंडी मी खाल्ली, पण ती नंतर. जो प्रवासाला गेला त्यानेच त्याची हकिकत सांगावी, एवढा साधा संकेत आपल्याकडे पाळला जात नाही. म्हणून वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी हे लेखन करणे मला भाग पडले आहे.

भुईगावच्या आमच्या वाडीपासून चिंचोटीचे अंतर पंचवीस किलोमीटरही नसेल. एवढ्यावर प्रवासवर्णन कसले लिहायचे, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर तयार आहे. आमच्या शेजाऱ्यांनी युरोपातले सात देश पाहिले आहेत, पण रेल्वेरुळांच्या पलीकडची डोंगरपायथ्याची गावे त्यांना ओळीने सांगता येत नाहीत. आम्ही किनाऱ्याचे वाडीवाले केळी, पानवेली आणि विहिरी सोडून पूर्वेला फारसे जातच नाही. मीही त्यातलाच. चौतीस वर्षे मी विज्ञान शिकवले. पूर्वेकडच्या गावांतली कितीतरी मुले माझ्या हाताखालून गेली. त्यांपैकी एकाच्याही घरी मी कधी गेलो नव्हतो.

आता कारण सांगतो. नववीच्या वर्गात अणूचा पाठ चालू होता. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन ही नावे फळ्यावर लिहून मी म्हणालो, "हे मूलकण. यांच्या आत काही नाही." तेव्हा कुसुम नावाची मुलगी उठली. ती चिंचोटीची, शाळेसाठी वसईत आत्याकडे राहत असे. ती म्हणाली, "सर, आत काय नाय, हे कोनी बघितलं?" वर्ग हसला. मी म्हणालो, "बाकावर उभी राहा, तिथून दिसेल." वर्ग आणखी हसला. तास संपेपर्यंत ती बाकावर उभी होती. काही आठवड्यांनी तिने शाळा सोडली.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या आत क्वार्क असतात, हे त्या वेळी जगाला कळून दहा-बारा वर्षे लोटली होती. आमच्या पाठ्यपुस्तकाला ते ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. पुढे चारेक वर्षांनी एका मासिकात मी ते वाचले, तेव्हा प्रथम आठवली ती कुसुम. मी मासिक मिटून कपाटात ठेवले. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती.

गेल्या गणपतीनंतर शाळेत स्नेहमेळावा झाला. त्यात एका विद्यार्थ्याने ध्वनिक्षेपकावरून सांगितले, "आमच्या वर्गातली कुसुम आठवते ना? सरांनी कानाखाली मारली म्हणून तिने शाळा सोडली. आता हायवेला उकडहंडी विकते." मी तिथल्या तिथे उठून सांगितले की मी मारलेले नाही, आणि तिने शाळा सोडली ती वडिलांच्या आजारपणामुळे. त्यावर तो म्हणाला, "असू दे हो सर, त्या काळी सगळेच मास्तर मारायचे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे भर सभेत मला क्षमा करण्यात आली! न केलेल्या गुन्ह्याची क्षमा स्वीकारण्याइतका मी लाचार नाही. माझ्यामुळे त्या मुलीची शाळा सुटली की नाही, हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिच्याकडे जाणे क्रमप्राप्त होते.

तुळिंज

रिकाम्या हाताने जाणे मला मान्य नव्हते. क्वार्क कोणालाही सुटा दाखवता येत नाही; तो एकटा कधी सापडतच नाही. पण दोन मूलकण असे आहेत की ज्यांची वाट डोळ्यांना दिसू शकते. एक इलेक्ट्रॉन आणि दुसरा म्यूऑन. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ. अंतराळातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की तो जन्मतो आणि छप्पर, छत्री, माणूस काहीही न जुमानता खाली येतो. आपल्या पसरलेल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा तरी आरपार जात असतो. तो पाहण्यासाठी जे उपकरण लागते त्याला मी मेघपेटी म्हणतो. काचेची पेटी काळ्या पत्र्यावर पालथी घालायची, तिच्या वरच्या बाजूला आतून स्पिरिटने भिजवलेले नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, कापड लावायचे आणि पत्र्याखाली सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ठेवायचा. स्पिरिटची वाफ खाली उतरून गारठते आणि कण जिथून गेला असेल तिथे धुक्याची रेघ उमटते. माझ्या नातवाचे मासे मेल्यामुळे काचेची पेटी आयती मिळाली होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी वाडीतच प्रयोग करून पाहिला होता आणि तो यशस्वी झाला होता.

प्रश्न सुक्या बर्फाचा होता. ऑक्टोबरात तो एका आइस्क्रीमवाल्याने दिला होता, आता त्याने नकार दिला; पण रुळांपलीकडे तुळिंजला मिळतो असे कळले. तुळिंजच्या बाजारातून चालणे म्हणजे भाज्यांच्या गाड्या, कपड्यांचे ढीग आणि माणसांचे खांदे यांच्यामधून स्वतःला ओवून घेणे होय. आमच्या गावात समोरून येणारा माणूस प्रथम "कुठे निघालात?" असे विचारतो, इथे तो "साइड द्या" म्हणतो. मला हे उद्धटपणाचे वाटले नाही. प्रत्येकाला विचारत बसले तर इथे कोणी घरीच पोचणार नाही.

बर्फवाल्याचे नाव सुनील. तो लग्नसमारंभात नवरा-नवरीच्या पायांशी जो पांढरा धूर सोडतात, त्याचा पुरवठा करतो.

"अंकल, एंट्री कुणाची आहे? नवरीची की दोघांची?" त्याने विचारले.

"म्यूऑनची," मी म्हणालो.

"मुलीचं नाव वेगळं आहे हां. साउथ इंडियन का?"

मी त्याला म्यूऑन म्हणजे काय ते सांगितले. त्याने गिऱ्हाईक बाजूला ठेवून सगळे ऐकून घेतले आणि स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे आत्ता, बोलता बोलता, हातातून चाललेत? आणि मी वीस वर्षं नुसता धूर विकतोय!" दुसऱ्या दिवशी सकाळी ताजा माल देण्याचे त्याने कबूल केले आणि बजावले, "हात लावू नका अंकल, भाजतो. आणि खोका घट्ट बंद करू नका, फुगून फुटेल." हे मला माहीत होते. तरी मी मान डोलावली.

एव्हरशाईन सिटी

मुक्काम माझी मुलगी सुलभा हिच्याकडे केला. तिच्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने काचेची पेटी, काळा पत्रा आणि स्पिरिटची बाटली पाहिली व मला वहीत नाव लिहायला लावले. भेटीचे कारण या रकान्यात मी 'मूलकण' असे लिहिले. त्याने ते वाचले आणि "पार्सल ना?" असे विचारून फाटक उघडले. आमच्याकडे कोणी कोणाचे नाव लिहून घेत नाही, कारण चार पिढ्यांची नावे सर्वांना पाठ असतात. इथे नाव लिहून घेतात आणि तरी ओळख होत नाही. कोणती रीत बरी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पाठ असलेल्या नावांचाही जाच असतो.

सुलभाने बांगड्याचे कालवण केले होते. ते उत्तम होते, मात्र तिच्या आईच्या हातची चिंच त्यात नव्हती, आणि हे मी बोललो नाही. जेवताना ती म्हणाली, "बाबा, सॉरी म्हणायला एवढं सामान लागतं?"

"मी सॉरी म्हणायला चाललेलो नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला चाललो आहे."

"एवढ्या वर्षांनी?"

"उत्तर उशिरा दिले म्हणून चूक ठरत नाही."

"आणि तुमच्यामुळेच तिची शाळा सुटली असेल तर?"

मी आणखी थोडा भात मागितला. ग्रुपवाल्यांनी हा संवाद कोणाकडून तरी मिळवून, त्यात मी ताटावरून उठलो असे घातले आहे. मी उठलो नाही. मी जेवलो.

चिंचोटी

पावसाळ्यात चिंचोटीला धबधबा पाहण्यासाठी झुंबड उडते. पौषात तिथे कोणी जात नाही. म्हणूनच तेव्हा जावे, असे मी म्हणेन. भात कापून झालेले असते, रिकाम्या खाचरांत वालाचे वेल पसरलेले असतात आणि डोंगर जवळ आल्यासारखा स्पष्ट दिसतो. हायवेच्या कडेला माडाच्या झापांच्या आडोशाखाली काळी मडकी पालथी घातलेली, त्यांच्याभोवती पालापाचोळ्याचा विस्तव आणि वर निळसर धूर. हीच उकडहंडी. वालपापडी, कंद, रताळी आणि भरली वांगी मडक्यात दाबून भरतात, तोंड रानपाल्याने बंद करतात, मडके उलटे करतात आणि थेंबभर पाण्यावाचून शिजवतात.

सकाळी सुनीलकडून घेतलेला बर्फाचा खोका रिक्षावाल्याने आपटला म्हणून मी त्याला चार शब्द सुनावत होतो, इतक्यात मागून कोणीतरी म्हणाले, "सर?"

उंच, केस पिकलेल्या, पदर खोचलेल्या बाईंना मी ओळखले नसते. "आवाजावरून कळलं," कुसुम म्हणाली. "तसाच हाय."

तिचा नवरा काशिनाथ मडक्यांभोवती विस्तव सारत होता. त्याने विचारले, "तेच हे मास्तर?"

"तेच," ती म्हणाली.

मी सांगितले की नववीत तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन आलो आहे. तिने खोक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "आता गिऱ्हाईक हाय, सर. तीननंतर बघू. बसा." मी बरोबर आणलेली सुकेळी, म्हणजे आमच्या वाडीची सुकवलेली केळी, तिच्या हाती दिली. तिने ती हुंगून पाहिली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

अकरा वाजले होते. सुका बर्फ वितळत नाही, तो हवेत उडून जातो. तीनपर्यंत किती उरेल, याचा हिशेब करत मी बाकड्यावर बसलो. मी तिला घाई केली नाही. वर्गातही मी तास संपल्यावाचून कोणाला सोडत नसे, तिने तरी का सोडावे?

त्या चार तासांत मी तिचे काम पाहिले. ती पालथ्या मडक्याच्या बुडावर पाण्याचा हबका मारी आणि मान तिरपी करून ऐके. एका मडक्याला "अजून," दुसऱ्याला "झाली."

"उघडून न पाहता कसे कळते?" मी विचारले.

"उघडली तर बिघडली. वरून पानी मारायचं आनि काय आवाज येतो ते ऐकायचं. कच्ची वेगळी बोलते, शिजलेली वेगळी."

मी बाकड्यावरून उठलो. "कुसुम, प्रोटॉनच्या आत कोणीही पाहिलेले नाही. तो उघडताच येत नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्यावर वेगाने इलेक्ट्रॉन मारले आणि ते कसे उडतात ते पाहिले. आत टणक, बारीक काहीतरी असल्यासारखे ते उडाले. त्याला क्वार्क म्हणतात. आत काही नाही, हे मी चुकीचे सांगितले होते."

तिचा पाण्याचा हात थांबला. "म्हंजे हबका मारून?"

"हबका मारून."

"हे तवाच सांगायचं ना."

"तेव्हा मला माहीत नव्हते."

ती पुढच्या मडक्याकडे गेली, पण तीन वाजायच्या आत तिने काशिनाथला गिऱ्हाईक बघायला सांगितले.

मागच्या खोलीची खिडकी आम्ही गोणपाटाने बंद केली. निम्मा बर्फ उरला होता. फडक्यात गुंडाळून, मुसळाने ठेचून कुसुमने तो परातीत असा सपाट बसवला की पत्रा कुठेही डळमळला नाही. पेटीच्या कडा तिने कणकेने लिंपल्या. मी बाजूने विजेरी धरली. दहा मिनिटे झाली, वीस झाली. पेटीत काळोख आणि काळा पत्रा यांखेरीज काही दिसेना. मातीच्या गार जमिनीची ती खोली, पौषाचा दिवस. वाडीत जमलेला प्रयोग इथे जमत नव्हता.

काशिनाथ दारातून डोकावला. "मास्तर, उलटी हंडी हाय आनि वर विस्तव नाय? शिजंल कशी?" एवढे बोलून तो गेला आणि उलथन्यावर निखारे घेऊन आला. पालथ्या भांड्याला वरून ऊब द्यायची, हे त्याच्या हातांना न विचारता ठाऊक होते. पेटीच्या आत स्पिरिटने भिजलेले कापड होते आणि शेजारी उघडी बाटली.

मी ओरडलो. "मूर्खा, खाली ठेव ते! काही कळत नाही तर कशाला हात घालतोस?"

काशिनाथ मागच्या पावली बाहेर गेला. निखारे त्याने अंगणात टाकले. दोष त्याचा नव्हता, हे माझे वाक्य संपण्यापूर्वीच मला कळले होते. पण ते संपले.

कुसुम उठून उभी राहिली. मला वाटले, ती आता गोणपाट काढणार आणि मला वाटेला लावणार.

"सर, तुमी मला मारलं नव्हतं," ती म्हणाली. "लोकं म्हनतात, मी सांगते, नाय मारलं. आनि शाळा सुटली ती बा आजारी पडला म्हनून. मिठागरावर त्याच्या जागी मी जात व्हते."

मी हेच तर सर्वांना सांगत होतो. त्या क्षणी मला त्याचा आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

"पन बा बरा झाला," ती पुढे म्हणाली. "जूनमधी आत्या न्यायला आली. पुस्तकं पन घेतली व्हती तिनं. मीच नाय गेले. वाटलं, तिथं जाऊन विचारायचं काय? आत काय नायच हाय."

माझी हकिकत खरी होती, अपुरी होती. सभेत उभे राहून मी जी ठासून सांगितली, तिच्यात तो जून महिना नव्हता. माजी विद्यार्थ्यांना खुलासा हवाच असेल तर हा घ्यावा: कुसुमची शाळा माझ्यामुळे सुटली नाही, ती पुन्हा सुरू झाली नाही, ती माझ्यामुळे.

मी अंगणात गेलो. काशिनाथ वालाच्या शेंगा निवडत बसला होता. "काशिनाथराव," मी म्हणालो, "ते स्पिरिट होते. पेटले असते म्हणून ओरडलो. पण मूर्ख म्हणालो ते चूक. आणि तुमचे म्हणणे बरोबर आहे. वर ऊब हवी. खाली गारठा आहे, वरही गारठाच आहे, म्हणून वाफच होत नाही. विस्तव चालणार नाही, एवढेच."

"मंग ऊन पानी?" तो म्हणाला, जणू मघाचे काही घडलेच नव्हते. "टोपात घालून वर ठेवू?"

मी सत्तर पानांची टिपणे काढून तो प्रयोग जुळवला होता. त्यात ऊन पाण्याचा टोप नव्हता.

टोप पेटीवर ठेवला. पाच मिनिटांत विजेरीच्या झोतात बारीक भुरभुर दिसू लागली, दहिवर पडावे तशी. आणि मग तिच्यातून एक रेघ गेली. लांब, सरळ, सुईने ओढल्यासारखी. दिसली आणि विरली.

"आई गं!" कुसुम म्हणाली.

"म्यूऑन," मी म्हणालो. "आकाशातून आला. तुझ्या छपरातून."

दुसरी रेघ आली. मग एक वेडीवाकडी, वळवळत गेलेली. "तो इलेक्ट्रॉन. हलका असतो, धक्के खात जातो." काशिनाथ दारात उकिडवा बसून मोजत होता आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला "थांब रं, आत पाहुने आलेत" असे सांगत होता. त्या दिवशी एक हंडी करपली. मला वाढली ती चांगली होती. आमच्याकडे कंद उकडून मीठ लावून खातात, पण ओल्या लसणीच्या वाटणाबरोबर धुराचा जो वास कंदात शिरतो तो आमच्या चुलीला साधलेला नाही. दत्तूने हे वाचावे आणि गप्प बसावे.

पण ते नंतर. पेटीवर कुसुमने कपाळ जवळजवळ टेकवले होते. तिच्या श्वासाने काच धूसर होई, ती पदराने पुसे. मग मान वर न करता तिने विचारले, "सर, प्रोटॉनच्या आत ते क्वार्क. मंग या इलेक्ट्रॉनच्या आत काय?"

पुस्तकात याचे उत्तर आहे: काही नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "फार जोरात हबके मारून पाहिले आहेत. आजवर आत काही सापडलेले नाही."

"सापडलं नाय, का नायच?"

"सापडले नाही."

"अजून मारतात का हबके?"

"मारतात."

तिने हुंकार दिला. पेटीत एक लांब रेघ उमटत होती.

"मंग जरा बाजूला व्हा, सर," ती म्हणाली. "उजेड अडतो."

मी बाजूला झालो.